जगताप बाईंचा मोबाईलचा तास

द्विशिक्षकी शाळेत किस्सा सांगायला समोर एकच माणूस असतं, आणि बहुतेक वेळा किस्सा त्याच माणसाचा असतो! म्हणून माझ्याकडे ते साठत गेलेत. वरकुट्याकडच्या एका वस्तीवर आमची पहिली ते चौथीची शाळा. शिक्षक दोन: मी आणि जगताप बाई. इथं आई-बाप दिवसभर रानात आणि मोबाईल पोरांच्या हातात. बाईंना घोर एकच. उद्या मोबाईलवर कुणी पोराला छळलं, तर ते घरी सांगेल का? म्हणून दर शनिवारी त्या मोबाईलचा तास घेतात. खडू-फळ्यावर!

*

पहिल्याच तासाला बाई म्हणाल्या, "घरच्या मोबाईलचा लॉक कोण सांगतंय? सांगेल त्याला चॉकलेट." अख्खा वर्ग रांगेत! कुणी आकडे सांगितले, कुणी हवेत रेघोट्या काढून दाखवल्या. मी दारात उभा होतो. राहवलं नाही, मीही माझा सांगितला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "सर, तुम्ही तरी!"

चॉकलेट कुणालाच मिळालं नाही.

*

पुढं एक साहेब तपासणीला आले. मुलांना ओळीत उभं करून फोटो काढायला लागले. तिसरीतल्या ओमनं हात वर केला. "सर, फोटो कुठं टाकणार हाय?"

"ग्रुपवर."

"ग्रुपात कोण कोण हाय?"

साहेबांनी मोबाईल उघडला. बोटानं यादी सरकवत गेले, सरकवतच गेले. शेवटी म्हणाले, "मलाच माहीत नाही रे!"

माणूस मोठ्या मनाचा. फोटो न काढता ओमची पाठ थोपटून गेले. त्यांच्या जागी मी असतो तर ओरडलो असतो, हे कबूल करतो.

*

तरी बाईंचा घोर काही जाईना. त्यांनी पालकसभा बोलावली आणि सरळ विचारलं, "तुमचं लेकरू येऊन म्हणालं, मोबाईलवर कुणीतरी मला घाणेरडं बोलतंय, तर काय कराल?"

ओमचे आजोबा, तात्या, ताडकन उठले. "मोबाईल इहिरीत आन् पोरगं कोपऱ्यात!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "मग तात्या, ते पोरगं पुन्हा कधी काही सांगेल का?"

बाईंनी एकेकाला आपापल्या लेकरासमोर छोट्या बाकावर बसवलं. म्हणायचं एवढंच: "तू सांगितलंस तर मी रागावणार न्हाय." ऊसवाले धिप्पाड गडी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. तात्यांनी ओमला सांगितलं. ओम म्हणाला, "बाईंसमोर म्हणताय व्हय? घरी गेल्यावर बी?"

तात्यांचे डोळे भरले. "घरी गेल्यावर बी," म्हणाले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी अशी पालकसभा पाहिली नाही. बाईंचा मला खरंच अभिमान वाटला.

*

चौथीतली स्वरा. वर्गात तिचा आवाज हजेरीपुरता. एका सोमवारी ती वडिलांना घेऊन शाळेत आली. डाळिंबाची तोडणी सोडून आलेला माणूस. त्यांनी मोबाईल बाईंपुढे धरला. "सगळं पुसून टाकू का, बाई?"

"एक अक्षर पुसू नका. हे घेऊनच पोलिसांकडे जायचंय."

गेममध्ये भेटलेलं कुणीतरी होतं. आधी ‘मी पण चौथीत’, मग ‘तुझा फोटो पाठव’, मग ‘का पाठवत नाहीस?’ आणि शेवटी ‘घरी सांगितलंस तर बघ’. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. असल्यांना उत्तर द्यायचं नाही, असं बाई शिकवतात. स्वरानं तेवढं एक ऐकलं नव्हतं. सगळ्यात खाली तिचा एकच मेसेज होता:

"सांगितलं. पप्पा शेजारीच बसल्यात. बोला आता."