आईच्या आवाजाची एकच प्रत

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी लोणावळ्याजवळच्या कान्हे गावातल्या आमच्या घरातला संगणक थांबला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी होत्या. शेवटच्या ओळीचा अर्थ असा: डिस्कवरच्या नोंदी जुळत नाहीत, पुढे काहीही लिहिलं जाणार नाही.

त्या डिस्कवर आईचा आवाज होता. ती वारली त्याच्या आदल्या वर्षी तिने म्हटलेली बुद्धवंदना मी रेकॉर्ड केली होती. माझे वडील, आबा, रोज सकाळी सातला ती लावून तिच्याबरोबर म्हणत. दुसरी प्रत नव्हती. माझं काम कर्नलचं, म्हणजे संगणकात सगळ्याच्या तळाशी चालणाऱ्या प्रोग्रामचं. डिस्कवर लिहिणारा त्याचा नवा भाग मी घरच्याच यंत्रावर तपासत होते. चूक माझी होती.

रविवारी यंत्र दोनदा असंच थांबलं होतं. कंटाळून मी कोडमधली यंत्र थांबवणारी ओळ काढली आणि नुसती सूचना देऊन पुढे जाण्याची सोय केली. रेल्वे फाटकावर नोकरी करून निवृत्त झालेले आबा शेजारी शेंगा सोलत होते.

"काय काढलंस?"

"घोळ दिसला की मशीन बंद पडतं, आबा. आता नाही पडणार."

"आन घोळ?"

"तो राहील. नंतर बघीन."

"वा! म्हंजी फाटक उघडं, तांबडा बावटा खिशात, आन येऊ दे गाडी." त्यांनी एक शेंग माझ्याकडे फेकली. "आमी शंका आली की गाडी हुबी करायचो. डायवर लय शिव्या द्यायचा. द्यायला जित्ता असायचा न्हवं?"

ती ओळ मी परत घातली.

मंगळवारी डिस्क बाहेर काढून दुसऱ्या लॅपटॉपला फक्त वाचण्यापुरती जोडली. आबांनी खुर्ची ओढून घेतली. जेवायलाही उठले नाहीत.

"बोलती का गं?"

"अजून नाही."

पाच वाजून चाळीस मिनिटांनी फाइल उघडली. सुरुवातीची अकरा सेकंदं गेली होती. यंत्र थांबण्याआधी तेवढ्यावर दुसरं काही लिहिलं गेलं होतं. बाकी सगळं शाबूत होतं. मी दोन प्रती काढल्या. एक लोणावळ्याला भावाकडे ठेवली.

बुधवारी सात वाजता आबांनी वंदना लावली. मध्येच आई म्हणते, "थांबा वाईच, दूध उतू चाललंय." मग भांड्याचा आवाज येतो. आबा हात जोडून थांबले. तिने पुन्हा सुरू केल्यावर त्यांनीही सुरू केली.