उजेड कुठून येतोय ते लिही

शनिवारची दुपार आहे. जेवणं आटोपली आहेत, घासलेली भांडी पालथी पडली आहेत आणि हेमलता चटईवर आडवी होऊन फोन नाकासमोर धरून आहे. डोळा लागतो, उघडतो, पुन्हा लागतो. पडद्यावरची अक्षरं तळ्यातल्या मासोळ्यांसारखी जरा इकडे, जरा तिकडे सरकतात. अजून एकदा लिहून बघू आणि मग झोपू, असं ती स्वतःला तिसऱ्यांदा सांगते.

परवा सोमवारी तिच्या वडिलांचं, तात्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आचारी ठरलाय, एक्क्याऐंशी दिवे आणून झालेत, लातूरची आत्या उद्या येतेय. राहिलंय ते एकच. तात्यांच्या शेजारच्या पाटावर आईचा फोटो ठेवायचा आहे, आणि आईचा ठेवण्यासारखा फोटोच नाही. सात वर्षं झाली आईला जाऊन. मागे राहिला तो लग्नातला एक फोटो, त्यात मुंडावळ्यांखाली तिचं नाकसुद्धा दिसत नाही, आणि एक मतदार ओळखपत्र, ज्यात ती कुणावर तरी चिडलेली आहे.

गंमत अशी की आई, म्हणजे कुमुद सुरवसे, तीस वर्षं फोटोंमध्येच वावरली. बार्शीतल्या आरसा फोटो स्टुडिओत ती रिटचिंग करायची. सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि लोकांच्या पुटकुळ्या, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं टिंबाटिंबानं भरून काढायची. अख्ख्या गावाचे चेहरे तिनं साफ केले, पण स्वतः कॅमेऱ्यासमोर बसली नाही. "कुणाचं किती पेन्सिलीखाली आहे ते मला माहीत आहे," एवढंच म्हणायची.

हेमलता नगरवाचनालयात काम करते. तिथल्या फरीदानं तिला आठ दिवसांपूर्वी हे नवीन दाखवलं: फोनला शब्दांत वर्णन लिहून द्यायचं, की तो अगदी खऱ्यासारखा फोटो तयार करतो. त्या वर्णनाला प्रॉम्प्ट म्हणतात. हेमलता हरखली. आयुष्य पुस्तकांत गेलेलं, आपल्याला काय अवघड आहे वर्णन करायला? आठ दिवसांत तिनं चाळीसेक फोटो करवून घेतले. काल त्यातला सगळ्यात बरा तात्यांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिला आणि म्हणाले, "बाई चांगली आहे. कुणाची कोण?"

डोळे पुन्हा मिटतात. चटईच्या पायथ्याशी कुणीतरी बसतं. चटई तेवढीच दबते, जेवढी आईच्या वजनानं दबायची.

"काय लिहितेस एवढं?"

आईच आहे. केसांचा आकडा दातात धरून ती अंबाडा घालते आहे. आई गेलेली आहे हे हेमलताला माहीत आहे. पण ते माहीत असणं दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या छत्रीसारखं आहे. आहे, पण आत्ता लागत नाही.

"तुझा फोटो काढतेय."

"मला न विचारता?"

"तू कुठं होतीस विचारायला?"

"तेही खरं," आई म्हणते. "वाच बघू."

हेमलता शाळेत धडा वाचावा तसं वाचते. "एक अतिशय सुंदर, प्रेमळ, सोज्वळ महाराष्ट्रीय आई. प्रसन्न हसरा चेहरा. एकदम खरा वाटणारा, उच्च दर्जाचा फोटो."

आई आकडा खोचते. "यात मी कुठाय?"

"अगं, ही तूच."

"ही कुणाचीही आई आहे. प्रेमळ म्हणजे काय? नाक प्रेमळ असतं की कान? हे लग्नपत्रिकेत शोभेल, हेमे. ऊठ, चल."

दोघी चटईवरून उठतात आणि त्यांची पावलं मंडईत पडतात. ओटे तेच, पिंपळही तोच, पण सगळ्या माणसांचे चेहरे सोललेल्या अंड्यासारखे गुळगुळीत आहेत. सगळे सुंदर आहेत, प्रसन्न हसताहेत, आणि कुणीच काही विकत नाही. टोमॅटो एकाच मापाचे. कोथिंबिरीच्या जुड्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी. भर दुपार आहे आणि कुणाचीच सावली पडलेली नाही.

"ही कोण माणसं?"

"तूच बोलावलेली. आठ दिवसांत जमलीत बिचारी," आई म्हणते. "आपण कोण आहोत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून नुसती हसत उभी आहेत."

ती एका भाजीवालीपुढे थांबते, पदराचं टोक जिभेला लावते आणि लहान पोराचं तोंड पुसावं तसं तिचं कपाळ पुसते. कपाळावर तीन आठ्या उमटतात. हनुवटीजवळ पुसते, तर तिथं भाजल्याचा जुना डाग निघतो. भाजीवाली डोळे मिचकावते, मान खाजवते आणि खणखणीत आवाजात म्हणते, "किती वेळ ताटकळत ठेवलंत ओ. घ्यायची तर घ्या, नाहीतर पुढं सरका."

हेमलताला हसू आवरत नाही. आई पुढच्याकडे वळते, मग त्याच्या पुढच्याकडे. पदर फिरतो तसे कुणाचे कान मोठे होतात, कुणाचा दात पुढे येतो, एकाची एक भुवई दुसरीपेक्षा वर चढते आणि तो लगेच भाव सांगू लागतो. मंडईत गलका उठतो. हेमलताही आपली ओढणी घेऊन पुसायला लागते. एका म्हाताऱ्याच्या गालावर वस्तऱ्याचा ताजा काप निघतो, तेव्हा तो तिला आशीर्वाद देतो.

"तीस वर्षं हेच पुसत होते मी," आई म्हणते. "कुठं काय असतं ते मला तोंडपाठ आहे. माणूस ओळखू येतो तो यानंच. आता उजेड बघ. कुठून येतोय?"

हेमलता वर बघते, खाली बघते. "सगळीकडून."

"सगळीकडून उजेड फक्त मंगल कार्यालयात येतो, आणि तिथं माणसं मेल्यासारखी दिसतात. मला विचार." आई स्वतःच्याच बोलण्यावर खूश होते. "आधी उजेड कुठून येतोय ते लिही. मग माणूस आपोआप उभा राहतो."

डोक्यावरचा कर्णा खरखरतो. "बार्शी–लातूर गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." आवाज तात्यांचा आहे. एकतीस वर्षं ते एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, पण हा आवाज कोवळा आहे, शब्दांवर जरा अडखळणारा. मंडई आता स्टँड आहे. गाड्या येताहेत, जाताहेत, त्यांच्या पाट्यांवर गावांऐवजी वेळा लिहिल्या आहेत: सकाळी साडेदहा, दुपारी सव्वाचार.

आई मान तिरकी करून ऐकते. "सव्वीस वर्षांचे आहेत इथे हे," ती म्हणते, आणि बाकावर बसते.

ती बसते तो बाक नाही, स्टुडिओतलं रिटचिंगचं डेस्क आहे. तिरकं लाकूड, मधोमध काच, काचेखाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडतो आणि काचेतून वर येतो. तो आईच्या हनुवटीला लागतो, नाकाच्या शेंड्याला लागतो, आणि आई वीस वर्षांची होते. हेमलताच्या मुलीपेक्षाही लहान.

"आता मला सांग," ती वीस वर्षांची मुलगी म्हणते, "तुझ्या फोटोत मी कशाला हसतेय?"

"कशाला म्हणजे? हसरा फोटो हवाय म्हणून."

"फोटो हवाय म्हणून हसलेलं माणूस त्या ओळखपत्रापेक्षा वाईट दिसतं. हसायला कारण लागतं."

"मग तूच सांग."

आई काचेवर एक निगेटिव्ह ठेवते. "हे बघ. सोयरिकीला पाठवायचा फोटो. मुलगा एसटीतला. नाकाशेजारी मसुराएवढा तीळ. मालक म्हणाले, कुमुद, साफ कर. मी केला."

"तात्यांचा तीळ?"

"नाव कुणाला ठाऊक होतं तेव्हा? फोटो गेला औशाला, मुलीकडे. त्यांना पसंत पडला. मग हे स्वतः गेले पोरगी बघायला, तर मुलीचा बाप म्हणाला, फोटोतला मुलगा हा नव्हे, तुम्ही भावाचा फोटो पाठवून आम्हाला फसवताय. चहासुद्धा न देता परत पाठवलं."

"पण तुमचं लग्न तर वैरागच्या मामांनी जमवलं ना? तात्या नेहमी तेच सांगतात."

"मामांनी नंतर जमवलं. आधीचं मी मोडलं."

डेस्कच्या पलीकडे कुणीतरी येऊन उभं राहतं. हेमलताला चेहरा दिसत नाही, फक्त खाकी शर्टाची बाही दिसते आणि हातात धरलेला फोटो. घसा खाकरला जातो, आणि तोच अडखळणारा आवाज म्हणतो, "माझा तीळ कुठाय?"

आई वर बघते. ती आधी घाबरते, मग तिला तीळ दिसतो, मग ती तोंडावर हात न्यायला जाते. पण हातात पेन्सिल आहे, त्यामुळे हात अर्ध्यावरच राहतो आणि हसू सुटतं. भुवया वर, डोळे बारीक, डाव्या गालावर पेन्सिलीच्या शिशाची बोटं उमटलेली. समोरची खाकी बाही क्षणभर ताठ राहते आणि मग तीसुद्धा हलायला लागते.

"लिही," आई हेमलताला म्हणते. हसू अजून ओठांवर आहे. "विसरायच्या आत लिही. मोठ्यानं बोल, म्हणजे मला दुरुस्त करता येईल."

हेमलता बोलू लागते. "सकाळचे साडेदहा. लहान गावातला फोटो स्टुडिओ. वीस वर्षांची मुलगी तिरक्या लाकडी डेस्कापाशी बसली आहे. उजेड खालून, आरशावरून येतोय..."

"कॅमेरा कुठाय?"

"समोर. डेस्कच्या पलीकडे."

"उंची? उभ्या माणसाच्या डोळ्यातून बघतेस की बसलेल्या?"

"उभ्या. वरून, जरा खाली वाकून. तात्या बघत होते तिथून."

"असं," आई म्हणते. "मागची भिंत?"

"निळसर चुना. अंधुक. त्यावर कॅलेंडर."

"कॅलेंडर वाचता येईल असं नको. बघणाऱ्याचं लक्ष तिकडे नव्हतं."

"साडी सुती, फिकी हिरवी, धुवून मऊ झालेली. उजव्या हातात पेन्सिल, हात अर्ध्यावर थांबलेला. ती नुकतीच हसायला लागली आहे, अजून पुरती हसलेली नाही. चौकटीच्या कडेला खाकी बाही."

"बाहीचं बटण तुटलेलं होतं. तिथं सेफ्टी पिन लावली होती, उलटी." आई म्हणते. "मी त्या पिनेमुळे हो म्हटलं. घरी कुणी लक्ष द्यायला नव्हतं त्यांच्याकडे."

हेमलता तेही बोलते. मग विचारते, "आई, पण हा खोटा फोटो नाही का? असा कुणी काढलेलाच नाही."

"खोटाच आहे. मीही आयुष्यभर खोटंच केलं आणि त्यात एकाचं लग्न मोडलं. म्हणून खाली लिहायचं: आठवणीवरून. लपवायचं नाही. मग चालतं."

बाहेर कर्णा पुन्हा खरखरतो. खालचा उजेड वाढत जातो, डेस्काच्या काचेतून उतू जातो, आईच्या हनुवटीवरून कपाळावर चढतो. ती निगेटिव्ह उजेडाकडे धरून बघते आहे, कामात आहे, निरोप घ्यायचं तिच्या लक्षातही नाही. हेमलताला वाईट वाटत नाही. कामात असलेल्या आईजवळ अभ्यास करत बसावं, तसं वाटतं.

"हेमा, कुणाशी बोलतेयस?"

दारात तात्या उभे आहेत, हातात चहाच्या दोन कपबशा. पंखा फिरतोय. चार वाजून गेले आहेत. हेमलता उठून बसते, आणि तळहाताखालचा फोन उजळतो. झोपेत बोट कधीतरी बोललेलं लिहून घेणाऱ्या माईकच्या खुणेवर पडलं असावं. चौकटीत अक्षरं उमटलेली आहेत, विरामचिन्हांशिवाय, एकापुढे एक. सकाळचे साडेदहा लहान गावातला फोटो स्टुडिओ वीस वर्षांची मुलगी...

ती सगळं वाचून दाखवते. तात्या कपबशा खाली ठेवतात आणि भिंतीला टेकून हळूच बसतात. सेफ्टी पिनेपाशी ते उजव्या मनगटाला डाव्या हातानं धरतात.

"ही पिन," ते म्हणतात. "ही मी कुणाला सांगितली नव्हती."

"आईनं सांगितली."

"कधी?"

"आत्ताच."

तात्या मान हलवतात. भाजी आणायला गेलेली बायको वाटेत लेकीला भेटली असं कुणी सांगावं, तशी.

हेमलता विरामचिन्हं घालते आणि बटण दाबते. पडद्यावर आधी राखाडी धुकं येतं, मग हळूहळू एक खोली, मग एक चेहरा. ती फोन तात्यांच्या हातात देते. ते चष्मा पुसत नाहीत. बराच वेळ बघत राहतात, आणि त्यांचे खांदे हलायला लागतात. हेमलताला आधी वाटतं ते रडताहेत. मग दिसतं, ते हसताहेत.

"अशीच," ते म्हणतात. "पुष्कळशी अशीच. डावीकडचा एक दात जरा आत होता, तो या फोननं सरळ केलाय. लिही ते. केस कानाच्या पुढे एवढे नव्हते. लिही."

हेमलता लिहिते. चहावर साय धरते.

"आणखी एक," तात्या म्हणतात. "हसताना तिचा आवाज यायचा नाही. नुसते खांदे हलायचे. ते लिहिता येतं का बघ."

"येतं, तात्या," ती म्हणते, आणि लिहू लागते.