पंतोजींनी साधलेला मुहूर्त

पेशवाईत सदाशिव पेठेत अनंत पंतोजींची शाळा होती. शाळा म्हणजे एक पडवी, धूळपाट्या घेऊन बसलेली पोरं आणि छडी घेऊन बसलेले पंतोजी. पेठेच्या हौदात कात्रजचं पाणी यायचं. इतर लोक ते प्यायचे, पंतोजी त्याची गणितं घालायचे. घटकेला इतक्या घागरी येतात, तर हौद किती प्रहरांत भरेल? उत्तर प्रहरांऐवजी घटकांत आणलं की छडी, घागरींचे शेर करायला विसरलं की दोन छड्या. सर्वांत जास्त छड्या त्यांच्याच मुलाला, श्रीधरला मिळत. घरचा म्हणून सवलत दिली असं कुणी म्हणायला नको ना!

श्रीधरला आठवं लागलं आणि त्याची मुंज ठरली. त्यानंतर चार दिवसांनी मामा त्याला वेद शिकायला नाशिकला नेणार होता, आणि तिथून पोर कैक वर्षं परतणार नव्हतं. मुंजीत बाप आणि मुलगा यांच्यामध्ये अंतरपाट धरतात. मुहूर्ताला तो दूर होतो आणि दोघं एकमेकांचं तोंड पाहतात. पंतोजींना श्रीधरचं तोंड नेमकं त्याच पळाला पाहायचं होतं, एक पळ इकडे नाही की तिकडे नाही. खरं सांगायचं तर त्या माणसाला माया करायची दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

मुहूर्त मोजायला घटिकापात्र असतं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. ती हळूहळू भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे साठ पळं. हे काम जोशीबुवांचं. पण पंतोजींचा जगात कुणाच्याही मोजण्यावर विश्वास नव्हता. त्यांनी घंगाळ स्वतःच्या पाटाशेजारी मांडून घेतलं.

शेवटची घटका सुरू झाली. बायकांनी पात्राची पूजा केली, आणि पूजा म्हटल्यावर हळद-कुंकू कोण हात राखून वाहतं? पंतोजी मनात औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणत पळं मोजत होते. त्यांच्या औटकीला किती पळं लागतात, हे अख्ख्या पेठेला माहीत होतं. अर्धी घटका झाली, त्यांनी वाटीत पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. वाटी अर्धी भरायला हवी होती, भरली होती फक्त तृतीयांश. भोकात हळद बसली होती.

"पात्र चुकतंय!" ते ओरडले.

मामा, माधवराव, शांतपणे म्हणाले, "पात्र बिचारं तरंगतंय, अनंतपंत. आपणही जरा तरंगा."

त्यांना तोलामोलाचं उत्तर देण्यात पंतोजींची औटकी चुकली. आता पळांचा हिशेब गेला. पात्राला हात लावायचा नाही अशी रीत, म्हणजे भोकही साफ करता येईना. उरलं फक्त गणित. अर्ध्या घटकेत तृतीयांश, तर पूर्ण घटकेत दोन तृतीयांश. वाटीचा एक तृतीयांश रिकामा असेल तेव्हा मुहूर्त! पण वाटी गोल, तळाशी अरुंद आणि वर रुंद. पाणी काठापासून किती खाली असलं म्हणजे तृतीयांश रिकामी? पंतोजी ओणवे झाले आणि पात्राला न शिवता, वरूनच बोटांनी काठ मापू लागले.

"उपाध्ये, मी सांगेन तेव्हाच अंतरपाट काढा."

मंगलाष्टकं संपली. उपाध्यायांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. अंतरपाटापलीकडे श्रीधर उभा होता, अलीकडे पंतोजींची पाठ तेवढी दिसत होती. ते पाव करत होते, निमे करत होते, नाक पाण्याला टेकायचं बाकी होतं.

"आता!"

अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. पाणी बरोबर त्यांच्या बोटाच्या खुणेवर होतं. "साधला!" म्हणत पंतोजींनी मान वर केली, तेव्हा श्रीधर त्यांच्या पायांवर डोकं ठेवून झुकला होता. त्यांना दिसली ती नुसती शेंडी. मग पोर उठलं. त्याचा चेहरा शाळेत असतो तसाच होता, खाली पाहणारा.

उत्तर अचूक आलं होतं, हे जोशीबुवांनीही मान्य केलं. पंगतीत पंतोजींनी ते गणित सातजणांना समजावून सांगितलं. माधवरावांनी तर दोनदा ऐकलं, म्हणजे तेवढ्यात श्रीखंड तरी पुन्हा वाढलं गेलं.

चार दिवसांनी बैलगाडी नाशिकच्या वाटेला लागली. पंतोजी बराच वेळ दारात उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी बायकोला, आनंदीबाईंना, विचारलं, "अगं, अंतरपाट निघाला तेव्हा कसा दिसत होता गं तो?"

आनंदीबाई ओलं धोतर पिळत होत्या. "हसत होता," त्या म्हणाल्या. "आपण वर बघाल म्हणून बराच वेळ हसत राहिला होता."