खाऱ्या पाण्यातल्या तीन पट्ट्या

नांदुऱ्याचे ते पेंटर माणसांशी कमी आणि लोखंडाशी जास्त बोलतात. हातोडीने टकटक करतात, कान लावून ऐकतात आणि मगच "हाव" म्हणतात. माझ्या वडिलांच्या जुन्या जीपची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, घासून लख्ख झाली, तेव्हा मी विचारलं, "आता गंज धरू नये म्हणून प्रायमर कोणता?"

"रेड ऑक्साइड. जलमभर तोच लावून राह्यलो. पण तुम्ही मास्तर, तुम्हाले पुरावा लागते!"

त्यांनी लोखंडाच्या तीन पट्ट्यांना तीन वेगवेगळे प्रायमर लावले, खिळ्याने एकेक ओरखडा काढला आणि विहिरीच्या खाऱ्या पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवल्या. महिनाभर शाळा सुटली की मी त्या डब्यात डोकावायचो. ते आतून ओरडायचे, "हात नका लावू हो!"

काल पट्ट्या निघाल्या. रेड ऑक्साइडला फोड आले होते, दुसऱ्याचे पोपडे सुटले होते. तिसऱ्या, इपॉक्सी प्रायमरची पट्टी मात्र जशीच्या तशी! मला वाटलं, आता यांचं तोंड उतरणार. तर ते ती पट्टी उंच धरून गल्लीत नाचायला लागले. "पाहा हो, इनं मले हरवलं!" मीही नाचलो.

नाचता नाचता ते थांबले. त्यांनी एका टँकरवाल्याला फोन लावला. "भाऊ, तुमच्या टँकरले मी रेड ऑक्साइड लावला होता ना? उद्या घेऊन या. चूक माही हाये."

"आणि माझी जीप?"

"जीप थांबते, सर. त्याचा टँकर आजही खारंच पानी वाहून राह्यला."