सागवानाची गिटार

विसूभाऊ गेल्याचं मला मोबाईलवर आलेल्या एका मजकुरावरून कळलं. 'सिंदेवाहीच्या काष्ठकलेचा महावृक्ष उन्मळून पडला' असं त्यात लिहिलं होतं आणि खाली पणतीचं चित्र. मी चंद्रपुरात घरी मेथी निवडत बसलो होतो. आधी वाटलं, बसस्टँडजवळचं एखादं झाड पडलं असेल. मग फोटो आला, फेटा बांधलेला, कुठल्यातरी सत्कारातला. विसूभाऊ माझा मावसभाऊ. त्याचं फर्निचरचं दुकान होतं. हा मजकूर वाचायला तो असता तर खूश झाला असता, आणि 'महावृक्ष'च्या आधी 'सागवानी' हा शब्द का नाही म्हणून लिहिणाऱ्याला फोनही केला असता. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती सांभाळायचा मी प्रयत्न करीन... पण विसूभाऊला मी लहानपणापासून ओळखत होतो, हीच अडचण आहे.

जगात त्याचा विश्वास एकाच वस्तूवर होता, ती म्हणजे सागवान. बाकीची झाडं देवाने सरावासाठी केली असावीत. कुणाच्याही घरी गेला की चपला काढायच्या आधी उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून तो दाराच्या चौकटीवर ठोकायचा, कान तिरका करायचा आणि निकाल द्यायचा. 'आंबा आहे.' किंवा, 'ऐन आहे. चालते.' माझ्या मुलीच्या लग्नात आंदणाच्या पलंगावर त्याने व्याह्यांच्या देखत ठोकलं. "काय निघालं भाऊ?" व्याह्यांनी विचारलं. "काई नाई," विसूभाऊ म्हणाला, "लाकूडच आहे." व्याही पुढे कित्येक महिने माझ्याशी तुटक बोलत होते.

शकुंतलावहिनी, त्याची बायको, वडशाकडची. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं सुरू होतात. वहिनीचे वडील एरवी शेती करायचे आणि नाटकांच्या मोसमात एका मंडळीत गिटार वाजवायचे. गिटार कलकत्त्याची, फार जुनी, आतल्या चिठ्ठीवरची अक्षरं उडालेली. ते वारल्यावर ती खुंटीवर राहिली आणि पावसाळ्यांच्या ओलीने तिची वरची फळी खचली. चीर पडली, तारा ज्यावर टेकतात ती घोडी उखडली. वहिनीने ती माहेराहून आणली आणि नवऱ्यापुढे ठेवली. तिने विसूभाऊजवळ काही मागितल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. "वाजली एकदा म्हणजे झालं," ती म्हणाली. "बाबा घरी आले का वाजवत. मले झोपच नाई ये त्याबिगर."

विसूभाऊने फळीवर ठोकलं, गिटार उचलून उजेडात धरली आणि हसला. फळी पिवळसर, हलकी, पापडासारखी पातळ होती. "हे काय लाकूड आहे? आंब्याच्या पेट्याले लावतेत असं! म्हणून तं खचली." मी वाद्यांतला जाणकार नाही, तरी म्हणालो, की चीर सांधून घोडी चिकटवली तर पुरे होईल, नाहीतर नागपूरला दाखव. "नागपूरले सागवान कुठून जाते, तुले माहीत आहे का?" त्याने विचारलं. त्याच्या दृष्टीने हा प्रश्न नव्हताच. जुनी फळी त्याने काढली आणि बंबासाठी जमवलेल्या ढलप्यांत टाकली. तिच्या जागी वनखात्याच्या डेपोच्या लिलावातल्या उत्तम सागवानाची फळी बसवली, देव्हाऱ्याला वापरतात तेवढी जाड. वर असं पॉलिश, की त्यात बघून दाढी करता यावी. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "हत्ती उभा करा हिच्यावर."

हत्ती गिटारीवर का उभा राहील, हे कुणी विचारलं नाही. उलट काम झालं तेव्हा लोकार्पण सोहळा ठेवला गेला. गिटार घरची, लोकांना काय अर्पण होणार होतं कोण जाणे. पण बॅनर लागला, त्यावर विसूभाऊचा फोटो गिटारीपेक्षा मोठा होता. तालुक्याच्या एका माजी पदाधिकाऱ्याने भाषणात वाद्यं आणि फर्निचर हे संस्कृतीचे दोन डोळे असल्याचं सांगितलं. मग शाळेतल्या संगीताच्या सरांनी गिटार मांडीवर घेतली, तारा लावल्या आणि हात फिरवला. बंद कपाटात कुणीतरी अडकावं आणि त्याने आतून संकोचाने ठोकावं, तसा आवाज आला. सरांनी पुन्हा हात फिरवला. कपाटातला माणूस अजून तिथेच होता. "आवाज... गंभीर आहे," सर म्हणाले. "नवीन आहे न," विसूभाऊ म्हणाला, "मोकळी होईल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे तिथल्याच स्टुलावर ठेवला आणि आत गेली. चहा आम्ही आपापला उचलून घेतला.

पुढे ताडोब्याकडचा एक रिसॉर्टवाला पलंगांची ऑर्डर द्यायला आला. त्याला भिंतीवर टांगायला जुनं काहीतरी हवं होतं. विसूभाऊने तिथल्या तिथे एक इंग्रज जंगलसाहेब जन्माला घातला, त्याला वाघाच्या मचाणावर बसवून गिटार वाजवायला लावली आणि ती विकून टाकली. वहिनीला भिंतीवर गिटारीचा रिकामा खिळा दिसला तेव्हा कळलं. मी त्या दिवशी तिथे होतो.

"बाबाची गिटार विकली तुमी?"

"वाजत नव्हती न तशीही," विसूभाऊ म्हणाला.

विसूभाऊच्या तोंडून कसलीही कबुली मी तेवढीच ऐकली, आणि तीही अशी, की जणू दोष गिटारीचा होता.

शेवटची भेट गेल्या हिवाळ्यातली. तो फार वाळला होता. वहिनीने त्याची खाट स्वयंपाकघरात आणली होती, तिथे ऊब असते म्हणून. खाटेला लागून तांदळाची कोठी आणि कोठीवर झाकण म्हणून एक पिवळसर पातळ फळी. मधलं गोल भोक स्टीलच्या ताटलीने झाकलेलं. बंबाच्या ढलप्यांतून ती वहिनीने केव्हाच काढून घेतली होती. इतकी वर्षं ती त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि त्याने तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, कारण ती सागवान नव्हती. त्या दुपारी बोलता बोलता त्याचा हात सवयीने बाजूला गेला आणि दुमडलेलं बोट फळीवर पडलं. त्याने ताटली काढून खाली ठेवली आणि पुन्हा ठोकलं. कान अगदी जवळ नेला... आवाज लहानसा होता, पण खोलीभर गेला आणि लगेच विरला नाही.

"हे बोलते व," तो वहिनीला म्हणाला.

वहिनी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "बोलतच होतं," ती म्हणाली.

शोकसभेला रिसॉर्टवाल्याने गिटार जीपमधून पाठवली. विसूभाऊच्या फोटोशेजारी ठेवून तिला हार घातला. त्याच माजी पदाधिकाऱ्याने सांगितलं, की एका मृत वाद्याला भाऊंनी नवा जन्म दिला. वाजवून बघायला कुणी सुचवलं नाही. रिसॉर्टवाला वहिनीला हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्हाला पाहिजे असेल तर इथेच ठेवतो." वहिनी म्हणाली, "नाई, न्या तुमी. भिंतीवर छान दिसते." जीप गिटार घेऊन परत गेली, हारासकट.

निघण्याआधी मी स्वयंपाकघरात गेलो. खाट हलवली होती, कोठी तिथेच होती. वहिनीने झाकण उचललं, वाटीभर तांदूळ काढले, झाकण नीट बसवलं. ताटली ठेवायच्या आधी बोट दुमडून त्यावर एकदा ठोकलं आणि थांबली.

"हे काऊन वहिनी?" मी विचारलं.

"हेच करत ते दिवसभर, शेवटी शेवटी," ती म्हणाली. "आता मीच करून राह्यली."

आवाज छान आला. सागवानाचा नव्हता.