मास्तरांचा फवारणीपंप

लग्न होऊन मी मसुऱ्याच्या घरात आले तेव्हा पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी झाकून ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी गोणपाट उचललं आणि म्हणाल्या, "ही बघ माझी सवत."

तो पेट्रोलवर चालणारा फवारणीपंप होता. पाठीवर घ्यायचा, वर औषधाची टाकी, खाली छोटं इंजिन. सासरे शाळेतून निवृत्त झाले होते आणि आंब्याची तीस-पस्तीस कलमं आता स्वतः सांभाळायची असं त्यांनी मनावर घेतलं होतं. कुडाळच्या एका बागायतदाराने हा पंप काढून टाकला, तो त्यांनी मोठ्या हौसेने घरी आणला. त्याने तो का काढला, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

सकाळचा चहा झाला की सासरे डोक्याला पंचा गुंडाळत, पंप चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे अंगणाच्या बुटक्या भिंतीवर ठेवत आणि तो चालू करायची दोरी ओढायला लागत. इंजिन एकदा खोकायचं आणि गप्प. घरात ते आमच्याशी मालवणीत बोलत, पण पंपाशी मात्र शुद्ध मराठीत, तेही अहोजाहो करून. "आपली अडचण काय आहे, ते स्पष्ट सांगा," असं ते त्याला विचारताना मी ऐकलं आणि तोंडात पदर कोंबून आत पळाले.

कधीकधी तो सुरू व्हायचा. मग कोंबड्या पांगायच्या, सासरे घाईघाईने तो पाठीवर घेऊन पहिल्या कलमापर्यंत पोहोचायचे आणि नेमका तिथे तो बंद पडायचा. थोड्या वेळाने पुन्हा दोरी, पुन्हा दोन मिनिटं आवाज, पुन्हा शांतता. कसालच्या मेकॅनिककडे तीन फेऱ्या झाल्या. त्याने प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला. त्याच्याकडे पंप पहिल्याच झटक्याला सुरू व्हायचा. तिसऱ्या वेळी तो हसत म्हणाला, "मास्तरांनू, पंप बरो आसा. दोरी ओढणारो हात तेवढो बदला."

सासऱ्यांनी त्या दिवशी घरी येऊन पंप गोणपाटाखाली ढकलला. जेवले आणि पडून राहिले.

त्या वर्षी मोहोर भरपूर आला होता, आणि त्यावर रस शोषणारे तुडतुडे किडेही. पानं चिकट होऊन चकाकायला लागली होती. शेजाऱ्यांच्या फवारण्या उरकल्या होत्या. एका सकाळी सासऱ्यांनी इरेला पेटून एवढ्या जोराने दोरी ओढली की ते खांदा धरून मटकन पायरीवर बसले. चेहरा पांढरा पडला होता. सासूबाई तेल गरम करून घेऊन आल्या. चोळताना बोलत होत्या, "हाडा मोडून घेवा, म्हणजे समाधान होयत तुमचा." पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी पंप उचलून ठेवायला गेले. पेट्रोल परत डब्यात ओतावं म्हणून इंजिनाखालच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं, तर 'सुस्स' करून हवा आत गेली. मी थबकले. माझ्या माहेरी तेलाच्या डब्याला वडील नेहमी दोन भोकं पाडायचे. एकच पाडलं तर तेल जरा वेळ येतं आणि मग थांबतं, कारण आत हवा जात नाही. मी झाकण उजेडात धरलं. मधोमध सुईएवढं भोक होतं, आणि ते तेल-धुळीच्या काळ्या मळाने पार बुजलेलं. मेकॅनिक झाकण उघडं ठेवूनच पंप तपासत असणार, म्हणून त्याच्याकडे तो चालायचा. बांगडीतली पिन काढून मी ते कोरून साफ केलं, झाकण लावलं आणि दोरी ओढली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा इंजिन असं काही धडधडलं की मीच दचकून मागे सरले.

सासरे खांदा धरून पायरीवरून उठून आले. आम्ही तिघं पंपाकडे बघत उभे राहिलो. दोन मिनिटं झाली, पाच झाली, पंप चालूच.

"काय केलंस गो?" ते ओरडले.

"झाकणाचा भोक बुजला होता!" मी ओरडले.

त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी फक्त हाताने खूण केली, बंद करू नकोस. सासूबाईंनी माझ्या नाकातोंडावर पंचा बांधला, मी पदर खोचला आणि पंप पाठीवर घेतला. सासरे पुढे चालत एका हाताने फांद्या दाखवत होते. वाटेवरून जाणारी माणसं थांबून बघत होती. मास्तरांची नवी सून कलमांवर औषध मारतेय, हे गावाला नवीनच होतं. त्या दिवशी सहा कलमं झाली, बाकीची पुढच्या चार दिवसांत.

खांदा बरा झाल्यावर सासरे ते झाकण खिशात घालून मला एसटीने कसालला घेऊन गेले. मेकॅनिकच्या दुकानात उभं राहून म्हणाले, "ही माझी सून. हिना दुरुस्त केल्यान." मेकॅनिकने झाकण डोळ्यापाशी नेऊन निरखलं, मान डोलावली आणि आम्हा दोघांना चहा पाजला.

नंतर ही हकीकत सासऱ्यांनी घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवली. आधी पंप तिसऱ्या झटक्याला सुरू झाला होता, पुढे दुसऱ्या, मग पहिल्या. शेवटी शेवटी तर मी पिन लावल्याबरोबर तो आपोआप सुरू झाला, असं ते सांगायला लागले होते. मी चहा आणून ठेवायचे, आणि त्यांच्या हकीकतीत कधी दुरुस्ती करायचे नाही.