गजादादाचं डोंगर-पाणी

गजादादा गेल्याचं मला खाणीवरच्या नारायणाने सांगितलं. पौडच्या माझ्या घराच्या पायरीशी सायकल टेकवून तो म्हणाला, "सायेब, मास्तर गेले. माल्याला, घरीच. निजल्या जागी." मी आत जाऊन चपला शोधू लागलो, आणि शोधता शोधता मला चक्क हायसं वाटलं… आता ती गोष्ट माहीत असलेलं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. सख्ख्या मावसभावाच्या मरणाची बातमी ऐकून माणसाच्या मनात पहिलं हे यावं, याची लाज मला गेले काही आठवडे झोपू देत नाही. हा लेख त्या लाजेपोटीच लिहितो आहे.

दादा त्याच्या गावच्या, माल्याच्या शाळेत कवायत शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. ती नोकरी हंगामी होती, सुटली. तेव्हा मुळशीच्या रस्त्याला खडी लागत होती, म्हणून डोंगराच्या कुशीत दगडाची खाण सुरू झाली होती आणि ठेकेदाराने मला तिथे सुपरवायझर नेमलं होतं. मीच दादाला शिट्टीच्या कामावर घेतलं. सुरुंगाला बत्ती देण्याआधी शिट्टी फुंकायची, लाल बावटा हलवायचा आणि माणसं दगडी आडोशामागे गेली की नाही ते बघायचं. पण माणसं जायचीच नाहीत. बाप्ये हातातली बिडी संपवून निघत, बाया डोक्यावरची पाटी रिकामी करून. चारचौघांत पळणं म्हणजे भित्रेपणा, असं सगळ्यांना वाटे. आणि बार उडाले की धूळ खाली बसायच्या आत सगळे परत कामावर, मग एखादा चुकार बार मागाहून उडायचा. मी खाडा मांडण्याचा दम द्यायचो. त्याचा काही उपयोग होत नसे.

दादाने दम दिला नाही. त्याने पोरांचा डोंगर-पाण्याचा खेळ खाणीवर आणला. तो 'पाणी' ओरडला की सगळ्यांनी आडोशामागे जाऊन डोकं खाली घालून बसायचं. शेवटचा बार उडून तो 'डोंगर' म्हणाला की उठायचं. मधेच तो नुसतं 'डों…' म्हणून थांबायचा आणि जो उठेल त्याला धरायचा. जो सगळ्यात शेवटी पोचेल किंवा डोकं वर काढेल, त्याने सगळ्यांसमोर उखाण्यात नाव घ्यायचं. खडी फोडणाऱ्या बायांची म्होरकी सोनाबाई पहिल्या दिवशी म्हणाली, "खुळं लागलं का काय मास्तर? आमी काय पोरं हाय?"

"पोरं असता तर एव्हाना आडोशाला पोचला असता," दादा म्हणाला.

बायकोचं नाव घ्यायला लागू नये म्हणून मिशा असलेले गडी हरणासारखे पळू लागले. दादा काही न्यायी पंच नव्हता. सोनाबाईचा नवरा सापडावा म्हणून तो मुद्दाम लबाडी करी, आणि त्याच्या शिट्टीला दुसऱ्या कुणी हात लावला तर दिवसभर फुगून बसे. पण एक खरं, माणसं खेळता खेळता जपायला शिकली.

फक्त मी शिकलो नाही. मी दादाला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "माणसांसमोर मला पळायला लावू नकोस. हाताखालची माणसं हसतील." त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरं, तू कच्चा लिंबू. खेळात हायेस पण नाहीस. फक्त सुरुंगाला तेवढं सांगून ठेव." पुढे रोज सगळे पळत आणि मी खिशात हात घालून सावकाश चालत जाई. मला त्यात रुबाब वाटायचा.

त्या दिवशी दादा 'पाणी' ओरडला आणि मी नेहमीसारखा निघालो. अर्ध्या वाटेत आठवलं, नवी हॅट हजेरीच्या टेबलावरच राहिली. मी मागे वळलो… कच्च्या लिंबाला घाई कसली? हॅट उचलतो तोच दादा कुठून तरी धावत आला आणि त्याने मला खडीच्या ढिगामागे लोटलं. बार उडाला. कपची त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. बाकी सगळे नियमाप्रमाणे डोकं खाली घालून बसलेले, कुणी काही पाहिलं नाही, असं मी धरून चाललो.

पुण्याच्या इस्पितळात ठेकेदाराने त्याला विचारलं, हे झालं कसं? दादा म्हणाला, "माझंच चुकलं. मी मागं ऱ्हायलो." मी खाटेशेजारी स्टुलावर बसलो होतो. मोसंबं सोलत होतो. सोलत राहिलो.

एक डोळा घेऊन तो कामावर परतला आणि खेळात एका नियमाची भर पडली, यापुढे कुणी कच्चा लिंबू नाही. नवी माणसं आली की तो बुबुळावरचा पांढरा डाग दाखवून सांगायचा, "हे बघा. मी सोताला कच्चा लिंबू समजायचो, म्हनून मागं ऱ्हायलो." अशी नक्कल करायचा की सगळे हसायचे. मीही हसायचो. गोष्ट संपली की उरल्या डोळ्याने तो माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, नकलेला दाद मागतोय… वर्षानुवर्षं मी मान डोलावून दाद दिली.

दादाचे दिवस झाल्यावर मी खाणीवर गेलो. शिट्टी आता नारायणाच्या गळ्यात आहे. नवीन माणसांना तो दादाची गोष्ट दादासारखीच सांगत होता, "मास्तर मागं ऱ्हायले," आणि माणसं हसत होती. मग तो 'पाणी' ओरडला. माझे पाय सवयीने सावकाश पडू लागले. मग मी पळालो. या वयात धापा टाकत सगळ्यांच्या शेवटी पोचलो. नारायण ओशाळून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सायेब, तुमचं काय…"

"का? मी शेवटी आलो," मी म्हणालो.

"मग घ्या की नाव," एक नवी पोरगी पदराआडून म्हणाली.

मला यमक जुळेना. मी उभ्यानेच म्हणालो, "गजादादा मागे राहिला नव्हता. मी राहिलो होतो, हॅटसाठी. त्याचा डोळा माझ्यापायी गेला."

कुणी हसलं नाही. कोपऱ्यातून सोनाबाई बोलली. तिचे केस आता पांढरे झाले आहेत. "ठावं हाय. आमाला तवाच ठावं हाय. मास्तर म्हनला, कुनी बोलायचं न्हाई, त्यो आपनहून सांगंल." मग म्हणाली, "बसा आता खाली. डोकं वर दिसतंय."

आडोशाच्या ज्या दगडाला टेकून दादा बसायचा, तो दगड मोकळाच होता. मी त्याला पाठ लावून खाली बसलो, मान गुडघ्यांत घातली. बार उडाले. धूळ अंगावर बसली, सगळं शांत झालं, तरी कुणी हललं नाही. 'डोंगर' अजून कुणी म्हटलं नव्हतं.